मृतसाठ्यातला वेताळ : मराठवाड्यात घडणाऱ्या किशोर-कादंबरीबद्दल थोडं बोलायचंय

गोदाकाठची

मंडळी, एक कादंबरी लिहायला घेतली आहे. वाचक डोळ्यापुढे आहेत ते सोळा ते विशीतले. प्रेम आहे, भीती आहे, जादू आहे आणि नायक माणूस नाही. सुरुवातीची प्रकरणं झाली, आता गाडी अडली आहे. "व्हॅम्पायर आणि मराठवाडा? डोकं ठिकाणावर आहे ना?" असं विचारणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

या पठडीतल्या कादंबऱ्या आपली पोरं इंग्रजीत ढिगाने वाचतात. नायक तीनशे वर्षांचा पण दिसायला कॉलेजातला, राहायला जुनी गढी, हवा बारमाही ढगाळ. लातूरच्या होस्टेलातली मुलगी नीटच्या पुस्तकाआड मोबाइल धरून हेच वाचते. यातलं बरंचसं सामान पैठणला कधीपासून पडून आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्या तोंडी बसलेला विक्रम उज्जैनचा. पण सोमदेवाच्या कथासरित्सागरात वेताळाच्या गोष्टी सुरू होतात त्या गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात आणि राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन. म्हणजे अमावास्येच्या आसपास स्मशानातून प्रेत खांद्यावर टाकून चालणारा तो गडी पैठणकर! सोमदेव स्वतः अकराव्या शतकातला काश्मिरी, पण त्याने जिच्यावरून लिहिलं ती बृहत्कथा गुणाढ्याची, आणि गुणाढ्य सातवाहनाच्या दरबारातला. दंतकथा अशी की तो पैज हरला, संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोक लिहिले. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ते बाड नाकारलं. मग एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं, असं त्याने सुरू केलं. राजाला उपरती होईपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते.

पिशाचांच्या भाषेत, रक्ताने लिहिलेला, बराचसा जळालेला ग्रंथ. कुठल्या युरोपी उमरावाच्या घराण्याला असा पूर्वेतिहास आहे, सांगा.

माझी नायिका मंदा. तिच्या आजोबांचं गाव जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेलं. ती लातूरला नीटची तयारी करते, मे महिन्यात परीक्षा देऊन घरी येते. त्या वर्षी धरण मृतसाठ्यात गेलंय आणि बुडालेल्या गावाचं स्मशान उघडं पडलंय. तिथे तिला तो भेटतो. त्याची अट जुनीच. तो गोष्ट सांगणार आणि शेवटी प्रश्न विचारणार. उत्तर माहीत असून गप्प राहिली तर तिच्या डोक्याची शंभर शकलं होणार, आणि तोंड उघडलं तर तो परत आपल्या झाडावर जाणार.

अडलंय ते असं. याला रक्त प्यायला लावू का? ऊन, लसूण, आरसा हे नियम ठेवू का? आणि हजार वर्षांचा नायक नि कोवळी नायिका, हे आपल्याकडे कसं वाचलं जाईल?

तूरडाळ

वाखूसा (वाचनखूण साठवली). लई भारी विषय काढलाव ताई.

नियमांचं बघा. 1897 च्या ड्रॅक्युलात म्हणतात की पिशाच वाहतं पाणी भरतीला किंवा पाणी थांबलेलं असतानाच ओलांडू शकतं. आता आमच्या मांजरा-तेरणेला वाहतं पाणी असतंय किती महिने? लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तुमचा वेताळ दिवाळीनंतर कोरड्या पायांनी सगळा जिल्हा पालथा घालील.

लसणाचं तर बोलूच नका. आमच्या घरच्या ठेच्याला एका ताटात जेवढा लसूण असतो तेवढ्यात त्याचं खानदान खलास. अन् घरच्यांनी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही म्हणे. आमची आजी वाटसरू दिसला की "या, बसा, पाणी घ्या" म्हणूनच तोंड उघडती. पहिल्याच प्रकरणात कादंबरी संपली.

राहिलं ऊन. मे महिन्यात परभणीच्या उन्हात जिवंत माणूस टिकंना, मेल्यालं काय टिकतंय.

गोदाकाठची

@तूरडाळ, हसून पुरेवाट. पण उन्हाने जळून मरणं हे त्या पुस्तकात नाहीच. तो काउंट दिवसाही फिरतो, फक्त त्याची ताकद कमी झालेली असते. उन्हाने मरायची रीत 1922 च्या एका जर्मन मूकपटापासून आली आणि मग सगळ्यांनी उचलली. त्यामुळे तो नियम पाळायचं माझ्यावर बंधन नाही. दुपारी बारा वाजता, अंगाची लाही होत असताना, सगळं गाव दारं लावून पडलेलं असतं. भीतीला ती वेळ मला रात्रीपेक्षा जास्त सोयीची वाटते.

हत्तीखाना

अंबाजोगाईहून थोडं शास्त्रार्थाचं. रागावू नका.

वेताळ रक्तपिपासू नाही. तो मेलेल्याच्या देहात शिरून बसतो, बोलतो, फसवतो, प्रसन्नही होतो. त्याला व्हॅम्पायरचा शिक्का मारला इंग्रजांनी. रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच व्हॅम्पायर घातला. तुम्ही तोच शिक्का उलट्या बाजूने मारताय, त्यामुळे जपून.

दुसरं. युरोपातलं पिशाचही मुळात उमराव नव्हतं. 1725 ते 1732 च्या सुमाराला सर्बियातल्या खेड्यांत थडगी उकरून जी प्रेतं बाहेर काढली ती साध्या गावकऱ्यांची होती. सडताना प्रेत फुगतं, तोंडातून लालसर द्रव येतो, कातडी आक्रसल्याने नखं वाढल्यासारखी दिसतात. लोकांना वाटलं, हा रात्री उठून रक्त पिऊन आला. त्याला देखणा, श्रीमंत आणि खानदानी केलं ते इंग्रजी साहित्याने, 1819 नंतर. तेव्हा कृपा करून तुमच्या नायकाला वाडा देऊ नका. मराठवाड्यात कथा म्हटली की लेखकांना एक पडका वाडा आणि एक निजामकालीन जहागीरदार लागतोच. कंटाळा आलाय.

आणि थडग्यातूनही उठवू नका. आपल्याकडे पुरतात कोण? मुस्लिम, लिंगायत, ख्रिस्ती, शिवाय काही इतर समाज. ज्यांच्यात दफन करतात त्यांच्यातूनच पिशाच निघतं असा अर्थ कोणीतरी काढणार, आणि त्याला काढू नको म्हणता येणार नाही.

अवांतर : दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीतली (अंधाऱ्या भुयारातली) वटवाघळं सुद्धा मोहात पाडतील तुम्हाला. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडात.

मी_पयला

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)!!

मधली_सुट्टी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, परभणी जिल्ह्यात. वयाच्या प्रश्नावर बोलते, कारण तो तुम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारलाय.

इंग्रजी कादंबरीत सतराची मुलगी आणि शंभर-दोनशेचा नायक असला की तिकडचे वाचक त्यावर वाद घालतात. आमच्याकडे तो वाद घालायला मुलगी वर्गात उरत नाही. दहावीची परीक्षा झाली की काहींची नावं पटावरून जातात आणि दिवाळीत मंगळसूत्र घालून त्या भेटायला येतात. आईबाप ऊसतोडीला जाणारे असतील तर वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं हा त्यांचा खरा प्रश्न असतो, आणि लग्न हे त्यांचं उत्तर. त्यामुळे वयाने कितीतरी मोठा, सगळं आधीच माहीत असलेला, "तुझ्याशिवाय माझं अस्तित्व नाही" म्हणणारा पुरुष माझ्या मुलींना स्वप्नातला वाटेलच असं नाही. तसला एक कदाचित पुढच्या आठवड्यात पाहायला येणार असतो.

मंदा रिपीटर आहे का? असेल तर वय अठराच्या वर न्या आणि पहिल्याच प्रकरणात तसं स्पष्ट लिहा. ही पळवाट वाटू देत. मला चालेल.

आता रक्ताचं. मुलींना शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो आम्ही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त किशोरवयीन मुलींमध्ये रक्त कमी आढळलंय. प्रार्थनेला उभ्या राहून चक्कर येऊन पडणाऱ्या मुली मी दर उन्हाळ्यात उचलते. तुमचा नायक रक्त पिणार असेल तर एवढं लक्षात असू द्या की ते आधीच कमी आहे.

कोपीवरचा

मॅडमला +१.

मी ऊसतोडीच्या टोळीतला पोरगा. आता शिकून नोकरीला लागलो, पण लहानपण कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत गेलं. धाग्यात अजून कुणी म्हणलं नाही म्हणून आधीच सांगतो : "मुकादम हाच खरा व्हॅम्पायर, सावकार हाच खरा रक्तपिपासू" असलं रूपक कृपया करू नका. भाषणात ऐकून ऐकून कान किटले. टोळी नेणारा मुकादम आमच्याच भावकीतला असतो, कारखान्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन तो पण अडकलेला असतो. त्याला सुळे लावले की वाचणाऱ्याला बरं वाटतं, बाकी काही होत नाही.

भीती पाहिजे असेल तर टोळ्या गेल्यानंतरचं गाव घ्या. दसरा-दिवाळी झाली की धडधाकट माणूस गावात दिसत नाही. म्हातारे अन् लेकरं. संध्याकाळी सातलाच सगळं सामसूम. आम्ही बहीण-भाऊ आजीजवळ राहायचो तेव्हा बाहेर कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही असा आजीचा कायदा होता. तुमच्या वेताळाला असलं गाव द्या. त्याचं प्रेमबिम नंतर बघू.

अजून एक. भानामती घालणार असाल कादंबरीत, तर विचार करून. आमच्या शेजारच्या गावात एका बाईला लोकांनी त्याच नावाखाली गावातून उठवलं होतं. 2013 ला जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण कुजबूज काय थांबत नाही. वेताळ कुणी कुणाच्या दारात बघितला म्हणून त्या घरच्या बाईला मारत नाहीत. भानामतीवरून मारतात.

गोदाकाठची

भानामती नव्हतीच, आता येणारही नाही. मंदाचं वय एकोणीस आहे, तिची नीटची दुसरी खेप. @मधली_सुट्टी, ते पहिल्या पानावर येईल. @कोपीवरचा, पहिल्या हाकेला ओ न देण्याचा कायदा मी वापरू का? गप्प राहण्याच्या अटीशी तो फार जुळतो.

@हत्तीखाना, शिक्क्याबद्दल तुमचं पटतं, पण मूळ गोष्टीतच प्रेम, भीती नि जादू यांची कशी मिसळ आहे ते बघा. मंदारवतीची गोष्ट आठवा, माझ्या मंदाचं नाव तिथूनच घेतलंय. तिघे तरुण तिला मागणी घालतात आणि लग्न ठरायच्या आत ती तापाने मरते. एक जण स्मशानात झोपडी बांधून तिच्या राखेवर झोपतो. दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो. तिसरा जोगी होऊन भटकतो आणि मेलेल्याला उठवायचा मंत्र घेऊन येतो. ती उठते. आता ती कोणाची? राजा म्हणतो, जिवंत करणारा बाप झाला, अस्थी नेणारा मुलगा झाला, राखेवर झोपला तो नवरा.

वीस वर्षांची असताना हे वाचलं तेव्हा मी राजावर चिडले होते. तिला कोणी विचारलंच नाही! माझ्या कादंबरीत वेताळ हीच गोष्ट सांगतो आणि मंदा राजाचं उत्तर देत नाही.

रात्रीची_लाईट

नमस्कार. मी इथे फक्त वाचतो. शेतीला थ्री फेज रात्रीची असते तेव्हा मोटार चालू करून बांधावर बसल्या बसल्या मोबाइलवर धागे वाचत असतो, म्हणून हे नाव.

तुम्ही वर लिहिलंय की बोलली की तो परत झाडावर जातो. मूळ गोष्टीत ते प्रेत झाडाला लटकलेलं असतं. तुमच्या कादंबरीत पण तसंच आहे का?

असेल तर काढा, ही विनंती. कारण सांगत बसत नाही. मराठवाड्यात राहता, समजून घ्याल. आमच्या घरचं लिंबाचं झाड आम्ही नंतर तोडलं.

मधली_सुट्टी

दादा, नमस्कार.

गोदाकाठची

@रात्रीची_लाईट, झाड काढलं. गोष्टीतला शिंशपा तसाच राहील, पण तो फक्त वेताळाने सांगितलेल्या जुन्या गोष्टीत. माझ्या कथेत त्याला कुठे ठेवायचं ते शोधते. लिहिलंत म्हणून आभार.

कोपीवरचा

जॅकवेलवर ठेवा. पाणीपुरवठ्याच्या जुन्या, बंद पडलेल्या जॅकवेल असतात धरणाच्या काठाला. पाणी असतं तेव्हा निम्मी बुडालेली. आटलं की चिखलात उंचच्या उंच गोल मनोरा उभा, वर पत्र्याची खोली, तिथवर जायचा पूल गंजलेला. दिवसा पण कुणी फिरकत नाही. टाळं असतं, पण चावी कुणाकडे असते ते कुणालाच माहीत नसतं.

हत्तीखाना

हे उत्तम. वाडाही टळला, थडगंही टळलं.

चष्मेबद्दूर_नांदेड

उशिरा आले. सगळं वाचलं आणि मला वाटतं तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर धाग्यातच पडलंय, फक्त जोडायचं राहिलं.

बरोबर उत्तर दिलं की तो जातो. माहीत असून गप्प बसली तर डोकं फुटतं. पण *मुद्दाम चुकीचं* उत्तर दिलं तर? जुन्या गोष्टीत राजा खोटं बोलतच नाही, म्हणून तो रस्ता कोणी चालून पाहिलेला नाही. मंदाला तो जायला नको आहे. मग ती खोटं उत्तर देणार. आणि खोट्या उत्तराची किंमत म्हणजे रक्त. तो तहानलेला आहे म्हणून पीत नाही, तो करारच तसा आहे, त्याचाही नाइलाज. ती रोज एक खोटं बोलते, रोज त्याला एक रात्र आणखी मिळते आणि ती पांढरी पडत जाते. घरच्यांना वाटतं परीक्षेचा ताण. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. सिस्टर गोळ्या देते आणि म्हणते, पालेभाजी खात जा.

आता प्रेम, भय आणि जादू वेगवेगळे डबे राहत नाहीत. तिने त्याला थांबवलं की वाचकाला आनंद होईल आणि त्याच वाक्यात पोटात गोळाही येईल.

तूरडाळ

ओ बाई. अंगावर काटा.

मधली_सुट्टी

रचना म्हणून हे सुरेख आहे आणि शिक्षिका म्हणून मला ते भयंकर वाटतं. प्रेमासाठी स्वतःला रोज थोडं संपवणारी मुलगी! हेच तर त्यांना सगळीकडून शिकवलं जातं, उपासतापासापासून सिनेमापर्यंत. तुम्ही ते इतकं सुंदर लिहाल की माझ्या वर्गातली एखादी त्यावर लट्टू होईल.

चष्मेबद्दूर_नांदेड

मान्य. पण त्यावरचा उतारा मूळ कथेत आहे. वेताळाचा शेवटचा, चोविसावा प्रश्न. त्याचं उत्तर राजाला *खरंच* येत नाही. तो गप्प राहतो, डोकं फुटत नाही, कारण माहीत असून लपवलेलं काही नाही. वेताळ त्यावरच प्रसन्न होतो आणि राजाला वाचवतो, ज्याने प्रेत आणायला पाठवलं तो ढोंगी भिक्षू तुझा बळी देणार आहे म्हणून सावध करतो. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात एक गोष्ट असते : उत्तर नसलेला प्रश्न निवडणं. ती सुकत चाललीय हे वेताळाला दिसतं. त्याला तिची सुटका करायची असेल तर तिला खोटं बोलायची संधीच मिळणार नाही असा प्रश्न शोधावा लागेल. हजार वर्षं फक्त चतुर प्रश्न विचारले, आता एक प्रामाणिक विचारायचाय, आणि तो त्याला सुचत नाही. शेवटची पन्नास पानं यावर निघतील.

मधली_सुट्टी

आणि प्रश्न विचारून झाल्यावर तो जातो की राहतो?

हत्तीखाना

गेलाच पाहिजे. नाहीतर ती सिरियल होईल.

तूरडाळ

राहू द्या हो. आमच्याकडं आधीच सगळे पुण्याला चाललेत.

गोदाकाठची

@चष्मेबद्दूर_नांदेड, दंडवत. करार घेतला. पीएचसीतली सिस्टरही घेतली, तिला मोठी भूमिका देते. रक्ताचे आकडे लिहून ठेवणारी तीच एकटी आहे, आणि आकडे उतरत चाललेत हे मंदाच्या आईच्या आधी तिला कळेल. @मधली_सुट्टी, तुमची भीती मी त्या सिस्टरच्या तोंडी घालणार आहे, जवळपास तुमच्याच शब्दांत. परवानगी असावी.

शेवटचा प्रश्न कोणता ते मला माहीत आहे असं वाटतं. इथे लिहीत नाही.

एक मात्र अजून सुटलेलं नाही. तो बोलतो कसा? पहिल्या मसुद्यात मी त्याला जड, पुस्तकी मराठी दिली होती. हजार वर्षांचा आहे, शोभेल असं वाटलं. पण मंदासमोर तो कीर्तनकारासारखा वाटायला लागला.

कोपीवरचा

पाण्याखाली गेलेल्या गावात होता ना तो? मग त्या गावच्या लोकांचं बोलणं हजार वर्षं ऐकलंय त्यानं. "कामून आलीस? काय करायलीस इथं?" असं म्हणू द्या की.

हत्तीखाना

नाथांचं पैठण ते. नाथांच्या भारुडातलं भूत बोलीतच भेटतं आणि शेवटी ते सगळीकडे भरून राहिलेला देव निघतं. तुमच्या वेताळाने कधीतरी ते भारूड काठावरून ऐकलेलं असणारच. त्याला ते आवडलं की राग आला, एवढं ठरवा, मग तो आपोआप बोलेल.

रात्रीची_लाईट

राग आला असेल. आपल्यावर गाणं रचलं अन् शेवटी देव दुसराच निघाला.

गोदाकाठची

हे लिहून घेतलं. पहिलं प्रकरण रविवारी वेगळ्या धाग्यात टाकते, तिथे या. शुद्धलेखनाच्या चुका व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवा, धाग्यात नको.

मी_पयला

रविवारी पण मी पयला.